तांब्याची कांडी आणि पेन्सिल

भाचीचं पत्र मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. ‘मामा, माझ्या गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सरच आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय. पण तुम्ही महाराजांमुळे बरे झालात ना? मग मीही तिकडेच जाऊ? तुम्ही म्हणाल तसं.’

मी म्हणेन तशी घरात कधी भाजीसुद्धा झाली नव्हती. उत्तर राहिलं.

महाराजांच्या हॉलमध्ये माणसं जिन्यापर्यंत उभी असत. त्यांनी माझ्या कोपराजवळच्या गाठीवर तांब्याची कांडी ठोकली होती.

“बोटांपर्यंत झिणझिण्या?”

“आल्या.”

“कॅन्सर निघून गेला!” टाळ्या.

“पण गाठ आहे की,” मी पुटपुटलो.

“टरफल हो ते! दाणा गेला!”

मग माझा फोटो भिंतीवर लागला. फोटोत माझे डोळे मिटतात, त्यामुळे समाधी लागल्यासारखा दिसत होतो. तिथे तपासायला दिलेल्या तुकड्याचा निकाल घ्यायलाही इस्पितळाची पायरी मी पुन्हा चढलो नाही.

पत्रामुळे अखेर चढलो.

“काका, होतात कुठे? तुमच्या तुकड्याचा निकाल केव्हाच आलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी चमत्कार सांगितला, भाचीचं पत्रही दाखवलं. त्या हसल्या नाहीत. टेबलावरची पेन्सिल उचलून त्यांनी गाठीवर टकटक केलं. करंगळीपर्यंत तशाच झिणझिण्या.

“आता माझाही फोटो लावा. अहो, ही मज्जातंतूच्या आवरणाची साधी गाठ. ठोकलं की तंतू झणझणतो. स्कॅनमध्ये कॅन्सरसारखी दिसली, म्हणून तर तुकडा काढला. कॅन्सर नव्हताच, मग त्यांनी घालवलं काय?”

“मग भाचीचीही अशीच असेल?”

“नाही काका. पेन्सिलीनं निदान होत नाही. तुमचा तुकडा तपासला, साधी गाठ निघाली. तिचा तपासला, कॅन्सर निघाला. दोन्ही खरं माना.”

आनंद व्हायला हवा होता. काहीच वाटलं नाही. मी त्यांची पेन्सिल मागून घेतली.

हॉलमध्ये जाऊन फोटो उतरवला. खिळा भिंतीतच राहिला.

“उपकार विसरलात?” महाराज गरजले.

“कोपर द्या,” मी म्हणालो. आवाज माझाच होता की नाही, कोण जाणे. कोपरामागच्या खोबणीत पेन्सिल ठोकली. महाराजांचा हात ताडकन उडाला.

“तुमचाही कॅन्सर निघून गेला का?”

रांगेतल्या एका बाईंनी स्वतःचं कोपर ठोकून पाहिलं. “अगंबाई, मलाही!” मग टकटक जिन्यापर्यंत गेली. काही जण हसत उतरले. बरेच तिथेच बसून राहिले.

घरी येऊन लिहिलं: ‘बाळ, ऑपरेशन करून घे. मी बरा झालो नाही; मला तो आजारच नव्हता. कुणी बरं झालं म्हणालं, तर आधी विचार: आजार होता हे कुणी तपासलं? माझं म्हणणं ऐकू नकोस, तपासणीचं ऐक. मी सोबत येतो.’

पत्र टपालपेटीत टाकलं. पडल्याचा आवाज आला, तरी फटीत बोटं घालून पाहिलं. गेलं होतं.