तू म्हणशील तसं

तिने चमचा पुढे केला आणि नवऱ्याने मुकाट्याने तोंड उघडलं. कालपर्यंत याच सुपाला तो भांडी विसळलेलं पाणी म्हणत होता. मोठ्या आतड्यावर आलेल्या बारीक पिशव्यांपैकी एक सुजली होती. आतड्याला आराम हवा म्हणून औषध सलाइनमधून आणि तोंडाने फक्त पातळ, एवढंच चालू होतं. तेवढ्यावरून त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला होता. उशी कडक, पंखा कुरकुरतो, नर्सचा हात जड. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

"अजून देऊ?"

"तू म्हणशील तसं."

तिने वाटी खाली ठेवली.

तेवढ्यात तरुण डॉक्टरबाई आल्या. "आज काका शहाण्यासारखे वागतायत. ताप नाही, दुखत नाही म्हणतात. संध्याकाळी घरी जा."

"सोडू नका त्यांना," ती म्हणाली.

"का हो काकू?"

"उभ्या जन्मात यांनी माझं कधी ऐकलं नाही. आज सकाळपासून नुसतं 'तू म्हणशील तसं' चाललंय."

डॉक्टरबाई हसल्या. तिचं डोकंच फिरलं.

"हसताय काय? पोट बघा त्यांचं. नीट बघा."

डॉक्टरबाईंनी बेंबीच्या खाली डाव्या बाजूला सावकाश दाबलं. तो छताकडे बघत राहिला. त्यांनी हात झटकन उचलला, तसे मात्र त्याचे दोन्ही गुडघे पोटाशी आले. त्यांनी तिथूनच सर्जनना फोन लावला. पोट ताठ झालंय, पिशवी फुटली असावी, स्कॅन आत्ताच हवा, थिएटर तयार ठेवा.

"कधीपासून दुखतंय?" बायकोने विचारलं.

"पहाटेपासून."

"एरवी डास चावला तर गाव गोळा करता! आणि आज मूग गिळून बसलात?"

"तुझी पाठ... त्या स्टुलावर बसून बसून..."

"माझ्या पाठीचं मी बघेन! इतक्या वर्षांत चौकशी करायला आजचाच मुहूर्त सापडला?"

स्कॅन होताच स्ट्रेचर थिएटरकडे निघालं. ती शेजारून चालत होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. हट्टी, आडमुठा, स्वतःचंच खरं करणारा माणूस! भीतीने तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. थिएटरच्या दारापाशी नर्सने तिला अडवलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

हे ऐकायला ती जन्मभर थांबली होती. तिने स्ट्रेचरचा कठडा घट्ट धरला.

"खबरदार," ती म्हणाली, "परत असलं काही बोललात तर."