छातीवरची फुली

सुतारकाकांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली आणि अठ्ठावीस दिवस किरणं घ्यायचं ठरलं, तेव्हा घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. काकांना मात्र भलताच प्रश्न पडला. न दिसणारी वस्तू न दिसणाऱ्या जागी नेमकी मारतात तरी कशी?

पहिल्या दिवशी किरणं देणाऱ्या ताईंनी त्यांच्या छातीच्या मधोमध एक आणि दोन्ही कुशींवर एकेक अशा तीन फुल्या शाईनं काढल्या. भिंतींतून निघणाऱ्या लाल उजेडाच्या रेघा या फुल्यांवर जुळल्या, की माणूस जागेवर.

"काका, फुली पुसट झाली तर मला सांगायचं. आपण गिरवायची नाही."

काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन टेप काढला. तिन्ही फुल्यांमधली अंतरं प्लायच्या तुकड्यावर टिपून ठेवली. चाळीस वर्षांची खोड ती, जाते थोडीच!

तिसऱ्या आठवड्यात किरणांनी आपला रंग दाखवला. पाण्याचा घोट काच गिळल्यासारखा उतरू लागला. अंघोळ करूनच माणूस दमायचा. वजन सात किलोंनी उतरलं. छातीवरचे केस गेले, तेही चौकोनात.

"अगं, बघ तरी," काका आरशासमोर म्हणाले. "गुण्या लावल्याशिवाय असा काटकोन येत नाही."

"कौतुक पुरे. दोन घास खाल्ले असतेत तर मीही कौतुक केलं असतं," काकू म्हणाल्या.

बुधवारी घामानं डाव्या कुशीवरची फुली पार धुऊन गेली. काकांनी प्लायचा तुकडा काढला.

"अहो, ताईंनी हात लावू नका म्हटलंय ना?"

"केसभर इकडचं तिकडे व्हायचं नाही. तू फक्त आरसा धर."

फुली निघाली, मूळच्या फुलीपेक्षा सुबक. गुरुवारी आणि शुक्रवारी ताई रजेवर होत्या. दुसऱ्याच कुणीतरी किरणं दिली. सोमवारी ताई आल्या, काकांना टेबलावर झोपवलं, आणि रेघा काही जुळेनात. मधली जुळवावी तर डावी सुटायची. ताईंनी वाकून पाहिलं.

"ही शाई आमची नाही. कुणी काढली?"

काकांना वाटलं, गप्प राहिलं तर वेळ निभावेल. पण दोन दिवसांची किरणं गाठ सोडून भलतीकडेच पडली असतील तर? त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"मीच काढली, ताई. गाठ बाजूलाच राहिली का हो?"

ताईंनी त्यांना उठवलं आणि बाहेरच्या संगणकाच्या पडद्यापाशी नेलं. रोज किरणं देण्याआधी एक फोटो निघतो आणि त्यातली हाडं पहिल्या दिवसाच्या फोटोवर बसवून पाहतात. दोन्ही दिवशी टेबल नऊ-नऊ मिलिमीटर सरकवल्याची नोंद होती.

"किरणं जागेवरच पडलीत. खूण नुसती दार दाखवते, काका. घर आम्ही हाडांवरून ओळखतो."

काकांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच डोकं चालू झालं. "पण माझं माप चुकलंच कसं?" पडद्यावरची पहिल्या दिवसाची भरलेली छाती त्यांनी पाहिली, मग खाली मान घालून आपली. आणि कपाळावर हात मारला. "ओल्या लाकडावर घेतलेलं माप मी वाळल्यावर लावलं! गिऱ्हाइकांना हेच तर रोज समजावतो."

ताई हसल्या नाहीत. "वाळलात हीच तर अडचण आहे. अजून वाळलात तर आतली गणितंही बदलतील. आज नवा स्कॅन करून डॉक्टर आराखडा तपासतील. गिळता येत नाही हे बोलला का नाहीत?"

"सगळ्यांनाच होतं, म्हणाला होतात."

"होतं, म्हणून तर त्यावर औषध आहे. आणि किरणं संपल्यावरही एक-दोन आठवडे दुखणं वाढेल, मग हळूहळू उतरेल. तेव्हा घाबरून लपवायचं नाही."

"आणि गाठ? गेली की नाही, कधी कळेल?"

"दोन-तीन महिन्यांनी. त्याआधी मी सांगितलं तर ते खोटं ठरेल."

हे उत्तर काकांना आवडलं. घाईत तारीख देणाऱ्या माणसावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

बाहेर काकू बाकावर बसल्या होत्या. काकांनी डॉक्टरांनी दिलेल्या घसा बधिर करणाऱ्या औषधाचा चमचा घेतला, जरा थांबले आणि काकूंनी घरून आणलेलं सूप घोटभर प्यायले. मग आणखी एक घोट. काकूंनी डोळे मिटून हात जोडले.

"अगं, गंमत बघ," काका म्हणाले. "घसा बधिर झालाय, तरी सूप कुठे जायचं ते त्याला बरोबर कळतंय. कसं काय?"

"आधी वाटी रिकामी करा. मग विचारू ताईंना."