हातुलेसूत सरकारने काय केलं

"दगड घेऊन चारशे माणसं कचेरीवर चालून आली, तेव्हा सरकारने काय केलं?" चौकशी आयोगाचे अध्यक्ष डॉक्टर आनाक्लेतो यांनी विचारलं.

"सरकारने कोंबड्यांच्या झुंजीला परवानगी दिली, साहेब," एर्मेलिंडा म्हणाली.

शाळेचा हॉल खदखदा हसला. खिडकीच्या गजांना लटकलेले दोघं हसता हसता खाली पडले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. राजधानी दिलीहून सहा तास खड्डे खात आलेल्या माणसात हसण्याइतकं काही शिल्लक नसतं.

एर्मेलिंडा हातुलेसूची प्रशासक. सकाळीच मंत्र्यांचा फोन येऊन गेला होता. "बाई, आयोगाने 'सरकार झोपलं होतं' असं लिहिलं, तर तुमच्या बडतर्फीचं पत्र टाइप करून तयार आहे. फक्त तारीख टाकायचीय." मंत्री तसे मायाळू. माणसाला अचानक धक्का बसू नये म्हणून आधी सांगून ठेवायचे.

समोरच्या बाकावर तक्रारदार व्हिर्जिलियो. दिवा पक्षाचा उमेदवार, एकोणीस मतांनी पडलेला. खांद्यावर हातमागाची नवीकोरी ताईश शाल, गालात सुपारी.

"झुंज फक्त रविवारी, हा कायदा कुणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"सरकारचा."

"मोडला कुणी?"

"सरकारनेच, साहेब. दुसऱ्या कुणाला मोडू दिला नाही."

"पहिल्यापासून सांगा."

सांगण्यासारखं बरंच होतं. गुरुवारी सकाळी निकाल लागला आणि तासाभरात वरच्या आळीतून दिवेवाले दगड घेऊन निघाले. ते निघालेत म्हटल्यावर खालच्या आळीतून कुदळवाले निघाले, कारण कुदळ पक्ष जिंकला होता आणि जिंकलेल्यांना घरी बसवत नाही. मधोमध कचेरी. कचेरीत एर्मेलिंडा, मतपेट्या आणि सार्जंट अबिलियो. अश्रुधुराची नळकांडी होती, पण त्यांची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. त्यातलं एक नळकांडं दाराला टेकू म्हणून लावलेलं, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.

तिने दिलीला फोन केला. दिली म्हणाली, "हेलिकॉप्टर येतंय. तोवर काहीही करू नका."

"अहो, दगड येतायत."

"त्यांनाही काही करू देऊ नका."

अबिलियोने भिंतीवरची ढाल काढली. "ताई, ढाल एकच आहे. तुम्ही माझ्यामागे उभ्या राहा."

"आणि तुझ्यापुढे?"

"तेच विचारणार होतो."

पहिला दगड छपरावर वाजला आणि एर्मेलिंडाने भोंगा उचलला. "हातुलेसूकरांनो, आजचा गुरुवार सरकारने रविवार धरलाय. मैदानावर झुंज आहे. नोंदणी अकराला बंद. उशिरा आलेला कोंबडा घेतला जाणार नाही."

गर्दी जागच्या जागी थांबली. मग मागून कुणीतरी विचारलं, "शिक्का मारून की नुसतं तोंडी?"

तिने कागदावर शिक्का मारला आणि कागद खिडकीतून दाखवला. दहा मिनिटांत रस्ता ओस. दगड पडले होते तिथेच राहिले. माणसं घरी पळाली आणि जो तो आपापला कोंबडा काखेत घेऊन परत आला.

हिशेब साधा होता. काखेत झुंजीचा कोंबडा असला की माणसाचा एक हात त्याला धरण्यात जातो आणि दुसरा पिसं कुरवाळण्यात. दगड मारायला देवाने तिसरा हात दिलेला नाही. शिवाय चुकून कुणाच्या कोंबड्याला दगड लागला, तर मारणाऱ्याला त्याच्याच पक्षाचे लोक जिवंत सोडत नाहीत. शहाणपणाने वागणारा सगळा गाव तिने भोंग्यावरच्या चार वाक्यांत उभा केला. टाकलेले दगड गोळा करून लोकांनी स्वतःच रिंगण आखलं. पहिली झुंज कुदळवाल्यांनी मारली, दुसरी दिवेवाल्यांनी. तिसरी रंगात आली आणि हेलिकॉप्टर आलं.

ते मैदानातच उतरलं. वाऱ्याने टोप्या उडाल्या, नोंदणीची वही उडाली आणि वीसेक कोंबडे उडाले. आतून आठ शिपाई उतरले, बंदुका रोखून ओरडले, "हात वर करा."

हातुलेसूकर कायद्याला मानणारी माणसं. सगळ्यांनी हात वर केले. उरलेले कोंबडेही सुटले.

"म्हणजे खरा गोंधळ सरकारी मदत आल्यावर झाला," अध्यक्ष म्हणाले.

"हो ना," व्हिर्जिलियो उठला. "माझं म्हणणं तेच आहे, साहेब. आधी जुगार लावला, मग वरून हेलिकॉप्टर घातलं. हे सरकार आहे का तमाशा?"

 टाइप केलेलं पत्र एर्मेलिंडाला डोळ्यांसमोर दिसत होतं, तारखेची रिकामी जागासुद्धा. ती फाइल मिटून त्याच्याकडे वळली.

"व्हिर्जिलियोदादा, कचेरीपुढून कोंबडा आणायला सगळ्यात आधी कोण पळालं?"

"पुढाऱ्याने पुढेच राहायचं असतं," तो म्हणाला.

"बारा वाजता तुम्ही कुठे होतात?"

"कॉफीच्या मळ्यात."

"काय करत होतात?"

"शोधत होतो."

"सापडला?"

"माझा नाही. दुसऱ्याचा सापडला. पांढरा, एका डोळ्याचा."

"पांढरा एका डोळ्याचा गावात एकच आहे. कुणाचा?"

व्हिर्जिलियोने सुपारी या गालातून त्या गालात नेली. "कुदळवाल्यांच्या चिटणिसाचा."

"मग काय केलंत? मुरगाळलात?"

"काहीतरी बोलू नका, ताई. शाल काढून गुंडाळला आणि त्याच्या घरी पोचवला. पाणी पाजून पोचवला."

"आणि तुमचा?"

"वैमानिकाच्या खुर्चीत बसला होता. अबिलियोने काढला."

अबिलियोने नाकावरची पट्टी दाखवली. संध्याकाळपर्यंत गावभर हेच चाललं होतं. दिवेवाले कुदळवाल्यांचे कोंबडे धरत होते, कुदळवाले दिवेवाल्यांचे. शिपाई ढाली पालथ्या घालून कोंबडे झाकत होते. सापडलेला प्रत्येक कोंबडा त्याच्या घरी पोचला, आणि पोचवणाऱ्याला कॉफी घेतल्याशिवाय कुणी सोडलं नाही.

अध्यक्षांनी छापील तक्ता पुढे ओढला. "मृत?"

"कुणी नाही."

"जखमी?"

"सार्जंटचं नाक."

"गोळीबार?"

"नाही. बंदुका खाली ठेवल्याशिवाय कोंबडा धरता येत नाही."

"अटक?"

"एक," अबिलियो मध्येच म्हणाला. "व्हिर्जिलियोदादांचा कोंबडा. सरकारी खुर्ची सोडत नव्हता. समज देऊन सोडला."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "या आठवड्यात मी सात गावं पाहिली," ते हळू म्हणाले. "सात जळक्या कचेऱ्या. तिथल्या सातही प्रशासकांनी कायदा अगदी तंतोतंत पाळला होता. वरून हुकूम येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही." त्यांनी पेन पुन्हा उचललं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "हातुलेसूत सरकार जागं होतं. परिस्थिती उत्तम हाताळली."

"माझी हरकत आहे," व्हिर्जिलियो म्हणाला.

 एर्मेलिंडाने मिटलेली फाइल पुन्हा उघडली.

"तिसरी झुंज सरकारी हेलिकॉप्टरने मोडली. एकास एक बरोबरीत अडकलंय. ती पुरी करून देणार असाल तरच तक्रारदार म्हणून अहवालावर सही करीन."

"आणि ती एकोणीस मतं?" अध्यक्षांनी विचारलं. "फेरमतदान मागायला आला होतात ना तुम्ही?"

"मतं काय, पाच वर्षांनी भरून काढू. कोंबडा पाच वर्षं थांबतो का?"

अध्यक्षांनी 'तिसरी झुंज येत्या रविवारी' हेही अहवालात लिहिलं. व्हिर्जिलियोने सही ठोकली, आणि खाली नाव लिहिताना जीभ बाहेर काढून अक्षर चांगलं काढलं.

दारातच एर्मेलिंडाचा फोन वाजला. "बाई, अभिनंदन," मंत्री म्हणाले. "ते पत्र फाडलं मी. आता रेडिओवर बोलायला चाललोय. हेलिकॉप्टर पाठवण्याचा माझा निर्णय अचूक ठरला, असं सांगतो."

"जरूर सांगा, साहेब. फक्त या रविवारी पाठवू नका."

बाहेर दोन्ही आळ्यांनी तिला खांद्यावर घेतलं, एका बाजूने दिवेवाले, दुसऱ्या बाजूने कुदळवाले. मैदानापर्यंतची वाट पाच मिनिटांची. मिरवणूक दीड तास चालली, कारण प्रत्येक घरातून आणखी एकजण काखेत कोंबडा घेऊन तिला दाखवायला बाहेर येत होता.