सप्टेंबरचा फोल्डर

दोनशे चौसष्ट फोल्डर संगणकाला एकाच आदेशात दाबून लहान करायला लावले होते. त्यांपैकी दोनशे त्रेसष्टांचा आकार जवळजवळ तेवढाच राहिला. अठरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरचा फोल्डर मात्र तिसाव्या हिश्श्यावर आला.

“त्या महिन्यात भिंतीनं रजा टाकली होती वाटतं,” संगणकावर बसलेल्या ताई म्हणाल्या.

भिंत धरणाची होती. तिच्या पोटातल्या बोगद्यात एक तडा आहे. त्यावर मोजपट्टी चिकटवलेली आहे आणि रोज सकाळी आठ वाजता आमचे निरीक्षक काका खाली उतरून तिचा फोटो काढतात. बावीस वर्षे. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. त्याआधी सगळे फोटो तपासणी समितीकडे पाठवायचे होते. महिन्याचा एक फोल्डर, प्रत्येकाची वेगळी फाइल, आणि सोबत धरणाचा प्रमुख या नात्याने माझ्या सहीचा दाखला : सर्व नोंदी प्रत्यक्ष पाहणीच्या आहेत.

फोटो मुळातच दाबून साठवलेला असतो. पुन्हा दाबल्याने तो फारसा लहान होत नाही. तीस फोटो एकाच्या जागेत मावले, तर अर्थ एकच : तीसही फोटो एकच आहेत. मी उघडून पाहिले. नावे तीस, चित्र एक. तड्याच्या डाव्या कडेला पाण्याचा थेंब, पहिल्या तारखेला होता तिथेच तिसाव्या तारखेलाही.

एक महिना खोटा निघाला, तर समिती उरलेल्या नोंदींकडेही संशयाने पाहणार हे उघड होते. काकांची बावीस वर्षे रद्दीत जाणार होती. मी त्यांना बोलावले.

“काका, या महिन्यात तुम्ही खाली उतरलात का?”

त्यांनी पडद्याकडे नीट पाहिले. “नाही साहेब. पाय प्लास्टरमध्ये होता. बोगद्यातच घसरलो होतो.”

“मग हे कोणाचं काम?”

“बदलीवर एक जण होता.”

“तुम्हाला ठाऊक होतं हे?”

“परत आल्यावर बघितलं. थेंब कुठं महिनाभर एका जागी बसतो?”

“आणि बोलला नाहीत?”

“पोरसवदा होता, नोकरी नवी. मी आल्या आल्या तडा मोजला. ऑगस्टएवढाच होता. वाढला असता तर बोललो असतो.”

“नाव काय त्याचं?”

काका हातातल्या बॅटरीची कळ खालीवर करत राहिले. “हजेरीपत्रक असेल ना, साहेब. नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत.”

“काका, माझ्या मुलाची जन्मतारीखसुद्धा तुम्हाला पाठ आहे,” ताई म्हणाल्या.

काका बॅटरी खिशात टाकून उठले.

हजेरीपत्रक मी स्वतः काढले. काकांच्या नावापुढे वैद्यकीय रजा. खालच्या ओळीत ‘बदली : प्रशिक्षणार्थी’ आणि तीस सह्या. सही माझी होती. तिच्याखाली तेव्हा मी एक झोकदार रेघ ओढत असे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी इथे तीन महिने होतो. नंतर सोळा वर्षे इतरत्र काढून दोन वर्षांपूर्वी प्रमुख म्हणून परतलो. त्या दिवशी काका मला खाली घेऊन गेले होते. “कडेनं या साहेब, इथं घसरतं,” एवढेच म्हणाले होते. सप्टेंबर पाहताच मला आठवायला हवे होते. आठवले नाही, पण याला माझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही.

दाखला मी पुन्हा लिहिला :

‘दोनशे त्रेसष्ट महिन्यांच्या नोंदी प्रत्यक्ष पाहणीच्या आहेत. उरलेल्या महिन्यात पहिल्या तारखेचा फोटो खरा असून पुढील एकोणतीस त्याच्या प्रती आहेत. त्या काळात निरीक्षक रजेवर होते. प्रती खाली सही करणाऱ्याने केल्या. कारण : बोगद्यात उतरायला दोनशे अठरा पायऱ्या आहेत.’