जाळी बुजवलेल्या न्हाणीतला गिझर

मित्रांनो, चांदे गावात एका आठ खोल्यांच्या चाळीच्या अंगणाकडेला भंगाराचा ढीग आहे. त्या ढिगात सायकलीच्या गंजक्या चाकाला टेकून पडलेला जुना गॅसचा गिझर, तो मी. मला इथे फेकताना माझा मालक म्हणाला, "पनवती हाय ही. नजरंसमोर नगं." तेव्हापासून माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना म्हणे गहिवरतात. मला गहिवर येत नाही, राग येतो. तो का येतो, ते आज तुम्हाला नीट सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून पांढरा पत्रा, आत तांब्याची वेटोळी नळी आणि तिच्याखाली ज्योतींची रांग. नळ सोडला की माझ्या पोटातले दोन सेल टकटक करत ठिणगी पाडत, ज्योत पेट घेई आणि पाणी कढत होऊन बाहेर येई. नळ बंद केला की मी गप्प. सगळ्यात शेवटी एका बाईने माझ्या छातीवर एक कागद चिकटवला. त्यावर लाल अक्षरांत लिहिले होते, 'बंद न्हाणीघरात लावू नये. हवा खेळती ठेवावी.' त्या बाईने कागदाचे चारही कोपरे अंगठ्याने दाबून दाबून बसवले. माझ्या अंगावर नावगाव, नक्षी, बरेच काही होते. पण जीव लावून चिकटवलेले तेवढेच होते.

मला विकत घेतले वाल्मीक आणि लीलाबाई या जोडप्याने. ही चांद्याची जुनी शेतकरी मंडळी. हिंजवडी जवळ आली, कंपन्यांतली माणसे खोल्या शोधत गावात फिरू लागली, तसा वाल्मीकने रस्त्याकडेच्या तुकड्यात खोल्या बांधायचा बेत केला. बांधकामाच्या मिस्त्रीने त्याला सांगितले होते, "अण्णा, मागं तीन फूट बोळ सोडा. उजेड-वारा येईल, उद्या पाइप फुटला तर माणूस तरी शिरंल."

"बोळ सोडला तर खोल्या सातच व्हत्यात," वाल्मीक म्हणाला. "मला आठ पायजेत."

झाले. मागची भिंत थेट बांधावर उभी राहिली. आठही न्हाण्यांच्या हवेच्या जाळ्या शेजारच्या रानात उघडल्या. ते रान वाल्मीकच्या थोरल्या चुलतभावाचे, नरहरीचे.

छपरावर सोलरची टाकी होती, पण तिचे पाणी आठव्या खोलीपर्यंत येता येता गार होई. म्हणून त्या खोलीच्या न्हाणीत मला टांगले. पौडचा दयानंद फिटर आला होता. त्याने माझ्या डोक्यावरची जाळी बघितली, तिच्यावर हात धरून वारा येतो का ते पाहिले आणि मगच भिंतीत खिळे ठोकले. मला तो माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी वाल्मीकने शहरातून स्टिकर छापून आणले. 'पाणी जपून वापरा. हुकमावरून, मालक.' प्रत्येक न्हाणीत एक. माझ्या न्हाणीत तो कुठे लावावा याचा त्याने थोडा विचार केला आणि माझ्या छातीवर, नेमका त्या लाल अक्षरांवर थापला. मित्रांनो, ओरडता आले असते तर मी त्याच दिवशी ओरडलो असतो.

तरीही सुरुवातीची वर्षे चांगली गेली, हे मी मान्य करतो. जाळीतून भाताच्या लोंब्यांचा वास येई. माझी ज्योत निळी होती, एकदम स्वच्छ निळी. भाडेकरू म्हणत, "आठ नंबरला पाणी फार मस्त येतं." वाल्मीक पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवत असे. तेव्हा मी पनवती नव्हतो.

वाल्मीक निष्काळजी होता असेही कुणी समजू नये. तो प्रत्येक भाडेकरूशी करार करी, तो रीतसर नोंदवून घेई, त्याची माहिती पोलिसांत देई. प्रत्येक खोलीला विजेचा मीटर वेगळा. भिंतीवर खिळा कोण ठोकणार, कुत्रे पाळायचे की नाही, सगळे आधी ठरलेले. खोल्या भाड्याने देणाऱ्याने हे सगळे करायलाच हवे. पण त्या सगळ्या काळजीत वाल्मीक स्वतः सुरक्षित होता. आत राहणाऱ्याचे काय, हे त्याच्या करारातल्या एकाही कलमात नव्हते. मला खरी चीड त्याची येते.

मग ती दूध डेअरीवरची सकाळ आली. चार माणसे जमली होती. नरहरी हसत हसत म्हणाला, "वाल्मीक्या, तुझ्या आठ न्हाण्या माझ्या रानातली हवा वढत्यात. हवेचं भाडं कवा देतूस?"

चार माणसे खो खो हसली. नरहरीने थट्टाच केली होती. पण भावकीतली थट्टा भावकीलाच फार झोंबते. वाल्मीक लालबुंद होऊन घरी आला. दुपारच्या आत विटा, वाळू, सिमेंट आले. गवंडी मिळाला नाही म्हणून तो स्वतः थापी घेऊन बसला.

लीलाबाई म्हणाली, "अवो, न्हाणीत वाफ कुंदंल की!"

"कुंदू दे. त्याची हवा नगं मला. माझ्या भितीत त्याचा वारासुदीक शिरता कामा न्हाई."

आठच्या आठ जाळ्या त्याने आतून विटांनी बुजवल्या. वरून गिलावा केला, चुना फासला. भिंत कशी सपाट दिसू लागली! हवेवर रुसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मित्रांनो, ज्योत पेटायला हवा लागते. कोंडलेल्या जागेत ती अपुरी पडली की ज्योत पिवळी होते आणि एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची जळजळही नाही. माणसाला नुसती गुंगी येते. पुढच्या खेपेला दयानंद मला साफ करायला आला, नळ सोडून बघितला आणि त्याचा चेहराच उतरला.

"अण्णा, ज्योत पिवळी पडलीया. जाळी कुटं गेली?"

"बुजवली."

"एक तर जाळी उघडा, न्हाईतर ह्याला भाईरच्या भितीवर लावू. आजच लावतो. आन् हा आता थकलाय, नवाच घ्या."

"कसला वास तर येत न्हाई," वाल्मीक म्हणाला.

"तेच तर वंगाळ हाय! वास आला असता तर मानूस पळाला तरी असता."

"बघू दिवाळीनंतर."

दिवाळी आली आणि गेली. फराळाची ताटे आठही खोल्यांत पोचली. जाळीचे कुणाला आठवले नाही.

आठव्या खोलीत तेव्हा सायली राहायला आली होती. ती नांदेडची, हिंजवडीच्या एका ऑफिसात नोकरी करणारी. नवरा कामानिमित्त नाशिकला, सोबत नऊ वर्षांची लेक, आरोही. खोली बघायला आली तेव्हा तिने विचारले होते, "काका, बाथरूमला खिडकी नाही का?"

"दाराखाली बोटभर फट हाय की," वाल्मीक म्हणाला. "आन् कडी बघा, लोखंडी हाय. कुनाची भीती न्हाई."

दयानंद जे बोलला, त्यातला एक शब्दही त्याने तिला सांगितला नाही. पुढे थंडी पडली. मुळशीच्या थंडीत त्या बोटभर फटीतून गार वारा पायांना लागे, म्हणून सायलीने तिथे गोणपाटाची गुंडाळी खोचली. लेक कुडकुडू नये एवढाच तिचा हेतू. मी वर टांगलेला होतो. ती गुंडाळी सरकताना मला दिसत होती.

जानेवारीतली सकाळ होती. शाळेची गाडी यायला अर्धा तास होता. आरोही आंघोळीला आली, कडी लावली, नळ सोडला. तिला आंघोळ करताना पाढे म्हणायची सवय. त्या दिवशी एकोणीसचा पाढा पाठ द्यायचा होता. पहिल्यांदा नीट म्हटला. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जड झाला. "एकोणीस पंचे पंच्याण्णव, एकोणीस सक..." आणि पुढे काहीच आले नाही. ती दाराजवळ खाली बसली आणि कलंडली.

नळ चालू होता, म्हणून मी चालू होतो. मला स्वतःहून विझता येत नाही. माझ्या हातांनी, म्हणजे माझ्याच ज्योतीने त्या पोरीचा जीव चालला होता आणि मी नुसता जळत होतो. त्या क्षणाइतका मी कधीच कुणावर चिडलो नाही. वाल्मीकवर, त्या विटांवर आणि स्वतःवरसुद्धा.

पाढा थांबल्याचे सायलीच्या लक्षात आले. तिने हाका मारल्या, दार वाजवले, फटीतले गोणपाट ओढून आत बघितले, मग धक्के मारू लागली. कडी लोखंडी होती, ती कशाला हलते! सायलीने फोडलेली किंकाळी बांधापलीकडे नरहरीला ऐकू गेली. तो कुंपणाचे खांब रोवत होता, हातात पहार होती. भिंतीला कान लावून तो ओरडला, "आत कोन हाय?"

"माझी आरोही! दाराशी पडलीय, उत्तर देत नाही!"

नरहरीने भावकी बघितली नाही, बांध बघितला नाही. पहार उचलली आणि जुन्या जाळीच्या जागी घातली. तिसऱ्या घावाला विटा आत ढासळल्या. एक माझ्या डोक्यात बसली. हा पोचा तिचाच. आणि भोकातून वारा आला, थंडगार, नरहरीच्या रानातला. तेवढ्यात वाल्मीक धावत आला आणि त्याने खांद्याने रेटून कडी उखडली. सायलीने लेकीला उचलून उघड्या अंगणात नेले. नरहरीने आपली गाडी काढली.

आरोही वाचली. चार दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती, पण वाचली. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटे उशीर झाला असता तर सांगता येत नव्हते.

सायली सामान न्यायला आली तेव्हा भांडली नाही. एवढेच म्हणाली, "काका, तुम्ही माझे सगळे कागद तपासले. आधार, ऑफिसचं पत्र, सगळं. मला ती एक भिंत दाखवली असती, तर मी इथे राहिलेच नसते." वाल्मीक मान खाली घालून उभा होता.

तुम्हाला वाटेल, आता तरी त्याला शहाणपण आले. छे! दोन दिवसांनी त्याने उखडलेली कडी पुन्हा ठोकली, मला भिंतीवरून उपटले, पनवती म्हणाला आणि अंगणातून ढिगाकडे भिरकावले. मी म्हातारा झालो होतो, माझी जागा इथेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पनवती मी? त्याच दुपारी त्याने कोऱ्या गिझरचे खोके आणले आणि पुन्हा सिमेंट कालवायला घेतले.

"नवा भाडेकरू भगदाड बघून मागं फिरंल," तो लीलाबाईला सांगत होता. "आन् नरहरीनं कुनाला इचारून भित फोडली?"

लीलाबाई ढिगापाशी उभी होती. वीट लागून माझ्यावरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. तिने तो नखाने उचकटला आणि सोलून काढला. खालची लाल अक्षरे तिने एकेक जोडत मोठ्याने वाचली. "बंद... न्हाणीघरात... लावू नये." दोनदा वाचली. मग पदर खोचला, आत गेली आणि नवऱ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"ह्यो कशाला?"

"आंगूळ करा. त्यो नवा गिझर लावा, ह्ये भोक बुजवा, दाराखाली गोनपाट सारा, कडी घाला आन् आंगूळ करा. आदी तुमी. मंग खुशाल दुसऱ्याच्या लेकराला भाड्यानं द्या."

"येडी का काय तू!"

"मी भाईर बसते. एकोणीसचा पाडा म्हना. थांबला की दार फोडते."

वाल्मीक न्हाणीत शिरला. दार लोटले. कडीवर हात ठेवला असावा, कारण लोखंड एकदा किणकिणले. पण भोक अजून उघडे, नवा गिझर खोक्यातच, तरी कडी सरकल्याचा आवाज काही आला नाही. अंगणात लीलाबाई बसून होती, ढिगात मी. मग दार उघडले आणि वाल्मीक बाहेर आला. टॉवेल कोरडा होता. तो तिच्याकडे न बघता सरळ कोपऱ्यात गेला, हातोडा आणि छिन्नी उचलली आणि सातव्या खोलीच्या न्हाणीत शिरला. संध्याकाळपर्यंत सातही जाळ्यांच्या विटा पडत होत्या. नवा गिझर दयानंदने बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याखाली लावला.

मला मात्र वाल्मीक अजून पनवतीच म्हणतो. म्हणो. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्या ज्योतीचा रंग बघा, ती पिवळी दिसली की लगेच नळ बंद करा, बाहेर पडा आणि घरच्यांना सांगा. त्याच्या डोक्यावरची जाळी उघडी आहे का ते बघा. दर वर्षी फिटरला बोलवायला सांगा आणि तो जे म्हणेल ते दिवाळीवर ढकलू देऊ नका. तुमचे बाबा, काका, आजोबा कुणाला खोली भाड्याने देणार असतील, तर किल्ली देण्याआधी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाका. आत जा म्हणावे, कडी लावा आणि आंघोळ करून या. हात कडीवर थांबला, तर ती खोली अजून भाड्याने द्यायची नाही.