सावकाश ऊठ

या मंडळी, थोडे जवळ सरका. एका बाईच्या उभं राहण्याची गोष्ट सांगायची आहे, लांबलचक नाही.

पास्टरांचं प्रवचन बोलण्यातून गाण्यात शिरू लागलं, तशी वेरोनानं समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. क्लॅरेंडन परगण्यातल्या त्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. सूर चढायचा, लोक ताडकन उठायचे, वेरोनाही उठायची, जराशी डोलायची आणि डोळे मिटून मागे कोसळायची. मागच्या बाकावरची तिची आई, आयोनी, तिला झेलायची.

"आत्मा उतरला! हालेलूया!"

आज प्रवचनानंतर गायकवृंदाची पुढारी निवडायची होती. आत्मा जिच्यावर उतरतो तिला सोडून दुसरी कोण? वेरोनाला ती जागा लहानपणापासून हवी होती.

सोमवारी मात्र किंग्स्टनच्या इस्पितळातून तिला बोलावणं आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला आडवं झोपवलं, मग उभं केलं, आणि दोन्ही वेळा रक्तदाब मोजला.

"उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं," त्या म्हणाल्या. "शरीरानं लगेच नसा आवळून दाब सावरायचा असतो. तुमचं शरीर उशिरा जागं होतं, म्हणून भोवळ येते."

"म्हणजे तो आत्मा नव्हे?"

"आत्म्याचं मला सांगता येणार नाही. भुकेचं सांगता येईल."

त्यांनी एक जुनी फाईल उघडली. दीड वर्षाची वेरोना याच इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात होती: पाय सुजलेले, केस तांबूस. आहार: मक्याची पातळ पेज, साखरेचं पाणी. दूध, मासे, डाळ यांपुढे रेघ.

"अशा मुलांचं पुढे काय होतं, तेच आम्ही तपासतोय. पक्कं अजून म्हणवत नाही. पण तुम्ही सावकाश उठत जा. आधी पोटऱ्या आवळा, मग उभ्या राहा."

आई तर आजवर सांगत आली होती की तेव्हा इस्पितळात ठेवलं ते तापामुळे. घरी आल्यावर वेरोना "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

आता सूर चढला. बाकं करकरली, सगळे उठले. वेरोनानं पोटऱ्या आवळल्या. ती उठली, अगदी सावकाश.

उभी राहिली. आणि उभीच राहिली.

माना वळू लागल्या. शेजारच्या डोरकसनं डफ थांबवला.

"काय गं सिस्टर, आज आत्म्याला रजा दिलीस की काय?"

पुढे कुणीतरी खुदकन हसलं. पास्टरांनी तीच ओळ पुन्हा घेतली. तिची वाट पाहत असल्यासारखी. एकदा खाली बसून झटक्यात उठलं की झालं असतं. वेरोनाचे गुडघे वाकलेसुद्धा. बसण्याआधी तिनं मागे वळून पाहिलं.

आयोनी उभी होती. एक पाय पुढे रोवलेला, दोन्ही हात पसरलेले, नजर वेरोनाच्या पाठीवर. चेहऱ्यावर आनंद नव्हता. निसरड्या वाटेवर लेकरामागे चालणाऱ्या बाईचा असतो तसा चेहरा.

"आई, कधीची उभी आहेस?"

"तुझ्याआधी उठते मी. नेहमीच."

"तुला ठाऊक होतं?"

आयोनीचे ओठ हलले. गाण्याच्या गलक्यात तिचं बोलणं फक्त वेरोनालाच ऐकू गेलं.

"वॉर्डातली नर्स म्हणाली होती, पोर उभी केलीस की मागे थांबत जा. ताप नव्हता गं तो, वेरो. लोक आत्मा म्हणाले, तर मी कशाला तोंड उघडू?"

वेरोनाचे गुडघे सरळ झाले. तिनं आईचे पसरलेले हात धरून हळूच खाली केले.

"बस आता. मी उभी आहे."

दुपारी पुढारीपण डोरकसला मिळालं. तीही गाते बरी.

पण त्याआधी, गाणं चालू असताना, आयोनी बाकावर बसली. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला थोडा वेळ सुचेना. मग तिनं टाळी वाजवली. ठेका चुकला, सवय नव्हती.

गाण्याच्या भरात तुम्ही कधी उठून उभे राहाल, तेव्हा मागे हात पसरून उभ्या राहणाऱ्या आयोनीची आठवण असू द्या.