सरांचा मासा

प्रयोगशाळेत तिला सगळे थोरली म्हणत, कारण सहा वर्षं झाली तरी ती तिथेच होती. मागून आलेली पोरं प्रबंध देऊन डॉक्टर होऊन गेली. हिचं घोडं अडलं होतं एका माशापाशी.

वाढीचं संप्रेरक माशापासून माणसापर्यंत सगळ्यांत असतं. हे प्रथिन कोट्यवधी वर्षांत कुठे कुठे बदलत गेलं ते तपासून थोरलीला त्याचा वंशवृक्ष मांडायचा होता. वीस वर्षांपूर्वी तिच्या मार्गदर्शक सरांनी छापलं होतं, एका माशात ते जवळपास मेंढीसारखंच आहे. त्यावर सरांचं नाव झालं, खुर्ची मिळाली. थोरलीने त्याच जातीचे ताजे मासे आणून तीनदा तपासलं. तिन्ही वेळा मेंढीपेक्षा साठ जागी फरक निघाला.

"तुझा हातच कच्चा," सर दरवेळी म्हणत. आणि तिने ते खरं मानलं. आता तिला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येत होती.

कारण काल काचसामान धुणारे मामा सहज बोलून गेले. "तेव्हा खल एकच होता गं. सकाळी त्यात मेंढीच्या ग्रंथी कुटायच्या, दुपारी माशाच्या, त्या तर मोहरीएवढ्या. सर म्हणायचे, धूत बसू नकोस, पुसून घे."

"सरांना कधी कळलंच नाही?"

"छापून आल्यावर मीच सांगितलं, खलात मेंढीचं उरलेलं असायचं. म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची सहा वर्षं त्या मुठीत होती.

आज ती प्रबंध घेऊन सरांसमोर उभी राहिली. सरांनी पेन उघडलं. "माशाचं पान काढलंस ना? मग करतो सही."

"नाही काढलं. उलट तुमचा जुना मासाही घातलाय. झाड संगणकाने मांडलंय, मी हात लावलेला नाही."

सर माशांच्या फांदीवर बोट फिरवू लागले. वरून खाली, पुन्हा वर. त्यांचा मासा काही सापडेना.

"तिथे नाही, सर. खाली बघा. मेंढीला खेटून."

बोट थांबलं. सरांनी पेनाला टोपण लावलं. "सही मिळणार नाही. सहा वर्षं पाण्यात घालशील."

"ती तुम्ही घातलीत. हे झाड मी सकाळीच विभागाच्या फळ्यावर लावलंय."

दार उघडंच होतं. फळ्यापाशी सगळा विभाग जमला होता, आणि मामा हातातला ओला फडका सावरत एकेकाला बोटाने मेंढी दाखवत होते.